हबशी शिपायाला मोकळे कुणी केले?

शाळेच्या इतिहासात मलिक अंबर दोन-चार ओळींत येऊन जातो. हबशी गुलाम म्हणून आला, निजामशाहीचा वजीर झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गांत आम्ही हे शिकवतो, तेव्हा मुले नेमके मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतात. गुलाम होता, तर वजीर झाला कसा? वर्गातूनच उत्तर येते, "लढाईत पराक्रम केला असेल, म्हणून राजाने सोडला असेल." ऐकायला बरे वाटते, पण घडले ते वेगळे. वाचकहो, ते आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असावे.

अंबरचा जन्म सुमारे 1548 साली हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे पहिले नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि बगदादपर्यंत त्याचे मालक बदलत गेले. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले, इस्लामची ओळख करून दिली आणि अंबर हे नाव ठेवले. विकत घेणारे मुसलमान आणि शिकवणारेही मुसलमानच. ही गोष्ट कडू आहे, म्हणून ती मुलांपासून लपवू नये.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने अंबरला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्याने सुमारे एक हजार हबशी गुलाम जमवले होते, अंबर त्यांतला एक. दख्खनच्या दरबारांत तेव्हा दख्खनी आणि परदेशी सरदारांची सतत चुरस चाले. हबशी गुलामाला इथे ना भाऊबंद, ना वतन. त्याची निष्ठा फक्त मालकाशी. म्हणूनच त्याच्या हाती घोडा आणि तलवार दिली जाई.

1574 मध्ये निजामशाहीने आपल्या शेजारचा वऱ्हाड जिंकला. या मोहिमेत चंगेजखान आघाडीवर होता. वर्धा नदीच्या पलीकडे हे सारे घडत असताना अलीकडे चांद्याला गोंड राजांचे राज्य होते. विजयाचे फळ मात्र विपरीत निघाले. सुलतानाच्या मनात वजिराविषयी संशय भरवला गेला आणि चंगेजखानाला विष दिले गेले. त्यानंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

म्हणजे अंबरची सुटका रणांगणावर झालीच नाही. एका बाईने आपल्या घरची मिळकत समजला जाणारा माणूस मोकळा केला. त्या बाईचे नाव पाठ्यपुस्तकात नाही. निदान तिचे हे काम तरी वर्गात सांगितले गेले पाहिजे.

युद्ध आणि सुटका यांचे नाते इस्लामच्या आरंभकाळातही दिसते. उहुदच्या लढाईपूर्वी मक्केच्या जुबैर बिन मुतइमने आपला हबशी गुलाम वहशी याला शब्द दिला होता की हमजाला मारलेस तर तू मोकळा. वहशीने भाला फेकला, हजरत हमजा (रजि.) शहीद झाले आणि वहशी स्वतंत्र झाला. पण त्या सुटकेचे ओझे त्याने जन्मभर वाहिले. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि यमामाच्या लढाईत तोच भाला खोट्या पैगंबरीचा दावा करणाऱ्या मुसैलिमावर चालवला.

हजरत सलमान फारसी (रजि.) यांची वाट निराळी. गुलामीमुळे त्यांना बद्र आणि उहुदला जाता आले नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना मालकाशी सुटकेचा करार करायला सांगितले. तीनशे खजुरीची रोपे आणि चाळीस उकिया सोने अशी किंमत ठरली. साथीदारांनी कुणी तीस, कुणी वीस, कुणी दहा अशी रोपे आणून दिली आणि पैगंबर (स.) यांनी ती स्वतःच्या हातांनी लावली. सलमान मुक्त झाले. त्यानंतरच्या लढाईत मदीनेभोवती खंदक खोदण्याचा सल्ला त्यांनीच दिला.

एकाला मारण्याच्या अटीवर सोडले गेले, दुसऱ्यासाठी सारी वस्ती पुढे आली. कुरआनने दुसरी वाट दाखवली आहे. सूरह नूरमध्ये सुटकेचा करार मागणाऱ्याला तो करून द्या आणि आपल्या धनातूनही द्या, असा आदेश आहे. सूरह तौबामध्ये जकातीच्या आठ हक्कदारांत बंधनात अडकलेल्यांचा वाटा आहे आणि लगेच पुढे कर्जात बुडालेल्यांचाही.

मुक्त झालेल्या अंबरने काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे. गोवळकोंडा, विजापूर अशी चाकरी करून तो 1595 च्या सुमारास अहमदनगरला परतला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातील मुर्तजाला गादीवर बसवून राज्य सावरले. 1610 मध्ये खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. तिथे नहरीने पाणी आणले, जमीन मोजून सारा ठरवला. 1624 मध्ये भातवडीला शहाजीराजांसारख्या मराठा सरदारांना बरोबर घेऊन त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. मोगलांचा बखरकार मुतमदखान शत्रुपक्षाचा, पण त्यानेही त्याच्या युद्धकौशल्याची तारीफ केली.

तरीही एक गोष्ट उरतेच. अंबरच्या फौजेत हबशी शिपायांचा मोठा भरणा होता आणि त्यांतले अनेक त्याच्यासारखेच विकत आणलेले होते. चंगेजखान गुलामीतून वर आला आणि त्यानेही गुलाम घेतले. मोठेपणा मिळाला की बाजार बंद होतोच असे नाही. भारतात कंपनी सरकारच्या 1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयात मानणे बंद झाले. इतकी वर्षे तो चालू राहिला, हे इतिहास वाचताना विसरू नये.

आज कुणी माणूस बाजारात विकला जात नाही, असे आपण म्हणतो. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून दरवर्षी मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. कामावर जाण्याआधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मुकादमाच्या शब्दाबाहेर जायचे नाही, ही रीत मजुरांच्या घरांना नवी नाही. उचल घेतली म्हणून काम सोडून जाण्याची मनाई होत असेल, तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरते. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि मजुराला मुक्ती प्रमाणपत्र मिळते.

रमजानमध्ये आम्ही घरोघर जकातीचा हिशेब करतो. यंदा हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढवावी. आपल्या मोहल्ल्यात, शेजारच्या टोल्यावर उचलीपायी अडकलेले कुटुंब आहे का, याची चौकशी करावी. जकातीच्या हक्कात बसेल त्याला त्यातून द्यावे, इतरांना सदक्यातून द्यावे आणि तहसील कचेरीपर्यंत सोबत जावे. सलमानसाठी (रजि.) कुणी तीस रोपे आणली, कुणी दहा. आपापल्या ऐपतीप्रमाणे.