एडवर्डच्या अमदानीतील कंबर

सातव्या एडवर्डची कारकीर्द 1901 ते 1910 एवढीच. परंतु वेशभूषेचे अभ्यासक त्या अमदानीची मुदत सहसा 1914 पर्यंत वाढवून देतात, आणि त्या काळातील इंग्लिश स्त्रीवेषाविषयी जे गैरसमज प्रचलित आहेत, त्यांत सर्वांत चिवट गैरसमज मुठीत मावणाऱ्या कमरेचा. कॉर्सेट आवळून त्या स्त्रिया अर्धमेल्या होत, किंबहुना कित्येकींनी बरगड्याच काढून घेतल्या, असे आजही बेधडक सांगितले जाते. बरगड्यांच्या कथेला विश्वासार्ह पुरावा नाही. छायाचित्रांची साक्षही पारखूनच घ्यावी, कारण काचेच्या निगेटिव्हवर हात फिरवून कंबर बारीक करून देण्याची सोय तेव्हाही होती. शिवाय कॉर्सेटचे जे माप सांगत, ते पाठीकडच्या कडा पूर्ण मिटल्या असतानाचे; प्रत्यक्षात त्या कडांमध्ये दोन-तीन इंचांची फट राखून नाड्या बांधण्याचा रिवाज होता. उरलेली कामगिरी भरावाची: छातीवर झालरींचे थर, नितंबांवर गाद्या, पुढून फुगवून सोडलेले ब्लाउज, एवढ्या विस्तारामध्ये सापडलेली कोणतीही कंबर सडपातळच दिसणार.

छाती पुढे आणि नितंब मागे नेणारा तो समोरून सरळ कॉर्सेट निव्वळ नखऱ्यापोटी जन्मला, हेही खरे नव्हे. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या पॅरिसच्या इनेज गाश-सारोत यांनी पोटावरचा दाब हलका व्हावा म्हणून त्याचा पुरस्कार केला. फॅशनने तो उचलला, आवळला आणि आरोग्याचा हेतू बासनात गुंडाळून ठेवला. 1908 च्या सुमारास तो बाकही मागे पडून सरळ, उंच कमरेचे झगे आले. टंकलेखिका, शिक्षिका तर साधे ब्लाउज-स्कर्ट घालूनच कामावर जात.

पॅरिसचा झगा म्हणजे सर्वस्वी पॅरिसचे काम, ही समजूत मात्र आपण तरी बाळगू नये. 1903 च्या दिल्ली दरबारप्रसंगी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी घातलेला मयूरपिसांच्या नक्षीचा झगा पॅरिसच्या वर्थ पेढीने शिवला खरा, परंतु त्याचे जरदोजी कापड हिंदुस्थानी कारागिरांनी भरले होते. एकावर एक बसवलेल्या पिसांच्या डोळ्यांत जे हिरवे चमकते, ते पाचू नव्हेत, भुंगेऱ्यांचे पंख आहेत. तो झगा आज इंग्लंडात केडलस्टन हॉलमध्ये जतन केलेला आहे.

असा वेष आज शिवू पाहणाऱ्यांनी सर्व शिवण हातानेच घातली पाहिजे, असा हट्ट धरू नये. शिवणयंत्र त्या काळी चांगले रुळलेले होते. उन्हाळी झग्याला आपली मलमल उत्तम. झगा आधी शिवून आतले कपडे मागाहून पाहण्याची चूक तेवढी करू नये: प्रथम कॉर्सेट, गाद्या आणि परकर सिद्ध करावेत, ते अंगावर चढवावेत, आणि मगच झग्याचे माप घ्यावे.