अमेरिकेहून आलेला दाखला

गेल्या श्रावणातील गोष्ट. शाळा सुटली होती आणि शिपाई वर्गांच्या खिडक्या लावीत होता. बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे थांबण्याचा प्रश्नच नव्हता. अशा पावसात छत्री सावरीत, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी धरून सुभेदारसाहेब आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. त्यांचा थोरला चिरंजीव आमचा वर्गमित्र. त्यामुळे आम्हाला ते अर्ध्या चड्डीपासून ओळखतात; पण आम्ही हेडमास्तर झाल्यापासून कटाक्षाने 'अहो' म्हणतात. आम्ही कितीदा विनवले तरी ऐकत नाहीत. फौजेत हुद्द्याचा मान राखायला शिकलेला माणूस तो.

पिशवीतून त्यांनी कागदांची चळत काढली. अमेरिकेतून मुलाने पाठविलेली, इथल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलेली.

"मास्तर, एवढं वाचून सांगा. पोराला हाकलून दिलं की काय तिकडं? मुलगा फोनवर नीट सांगत नाही. नातू तर फोनवरच येत नाही."

सुभेदारसाहेबांनी मराठा लाइट इन्फंट्रीत सव्वीस वर्षे काढलेली. या पलटणीचे प्रशिक्षण केंद्र शंभराहून अधिक वर्षे आमच्या गावात आहे. भल्या पहाटे रिक्रुटांच्या पळण्याचा आवाज ऐकतच आमच्या पिढ्या वाढल्या. तेव्हा अमेरिकेत जन्मलेला नातू तिथल्या भूदलात भरती झाला, तेव्हा म्हाताऱ्याने गल्लीभर पेढे वाटले होते. देश दुसरा, गणवेश दुसरा, पण 'फौज ती फौज' असा त्यांचा हिशेब. आणि आता नव्याण्णव दिवसांत पोरगा घरी परतला होता.

आम्ही कागद वाचू लागलो. अमेरिकन सैन्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकास एक दाखला मिळतो. त्याला त्याच्या क्रमांकावरून 'डीडी २१४' म्हणतात. त्यातील चोविसाव्या रकान्यात सेवेचा दर्जा लिहितात. तेथे एकच शब्द होता : 'अनकॅरॅक्टराइज्ड'. आणि अठ्ठाविसाव्या रकान्यात कारण : 'एन्ट्री लेव्हल परफॉर्मन्स अँड कंडक्ट'. आम्ही मराठीत सांगितले, "प्रवेशावस्थेतील कामगिरी आणि वर्तणूक."

म्हातारा एकदम ताठ झाला. "वर्तणूक? काय केलं त्यानं?"

कागदांत कोठेही गुन्हा नव्हता, उद्धटपणा नव्हता, चोरीमारी नव्हती. प्रशिक्षणाच्या सहाव्या आठवड्यात इकडे त्याची आजी वारली. त्यानंतर पोराची झोप उडाली. नेमबाजीत तो दोनदा नापास झाला, धावण्यात मागे पडला, आणि हा सैनिक म्हणून घडेल असे दिसत नाही, असा निष्कर्ष वरिष्ठांनी काढला. पण छापील कारणात 'कामगिरी' आणि 'वर्तणूक' हे दोन शब्द एका दोरीत बांधलेले आहेत. एक लागू पडला की दुसराही कपाळी येतो.

सुभेदारसाहेब बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तिच्या जाण्याची बातमी त्याला कळवा, असं मीच म्हणालो होतो."

आम्ही चहा मागविला.

त्या चळतीत नातवाने लिहिलेला एक अर्जही होता. दाखल्याचा दर्जा वाढवून तो 'सन्मान्य' करावा, अशी विनंती. चार पाने. आजोबांची पलटण, घराण्याची परंपरा, आजीचे जाणे, स्वतःची लाज, सारे त्यात होते. इंग्रजी सुरेख. अर्ज पाठवावा की नाही, हे आजोबांनी सांगावे असे मुलाचे म्हणणे होते, आणि आजोबांनी ते आमच्यावर टाकले. आम्ही कायदेपंडित नव्हे, मराठीचे मास्तर. पण नियम वाचण्याची सवय सरकारी नोकरीने लावलेली आहे. पुढले तीन आठवडे रात्री आम्ही अमेरिकेच्या त्या व्यवस्थेचा अभ्यास केला. त्या पुनर्विचार मंडळांचे जुने निर्णय, अर्जदारांची नावे गाळून, कोणालाही वाचता येतात. त्यांतले पुष्कळ वाचले.

हकिकत अशी. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाचा मोठा कायदा अमेरिकेने केला. त्याच कायद्याने सेवामुक्तीचा फेरविचार करणारी मंडळे निर्माण झाली. दाखल्यावरील शब्द चुकीचा वा अन्यायाचा वाटला, तर सैनिकाला पंधरा वर्षांच्या आत या मंडळाकडे अर्ज करता येतो. फी नाही. अर्ज फेटाळला गेला तर आहे तो दर्जा कमी मात्र करता येत नाही. म्हणजे मागून पाहण्यात धोका नाही. पंधरा वर्षे उलटली, किंवा येथे नकार मिळाला, तर लष्करी नोंदी दुरुस्त करणारे दुसरे, मुलकी सदस्यांचे मंडळ आहे.

या व्यवस्थेमागे एका निळ्या कागदाची कथा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४७ पर्यंत अमेरिकन सैन्यात एक दाखला निळ्या कागदावर छापला जाई. तो सन्मानाचाही नव्हे आणि अपमानाचाही नव्हे, असे सरकार म्हणे. पण नोकरी देणारा मालक निळा रंग पाहिला की दार लावून घेई, आणि युद्धोत्तर सवलती देणारे खातेही तसेच वागे. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात असे सुमारे ४८ हजार कागद निघाले, त्यांपैकी १० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती पडले. सैन्यातील त्यांच्या प्रमाणाच्या मानाने हा आकडा तिपटीहून मोठा होता. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी ओरड केली आणि अखेरीस तो कागद बंद झाला. सांगायचा मुद्दा हा की, 'चांगलाही नाही, वाईटही नाही' असे सरकारने कितीही म्हटले तरी जग त्याचा अर्थ आपल्या मनाने लावते.

नातवाच्या दाखल्यावरील शब्द मात्र १९८२ सालच्या नियमांतून आला. नवा रिक्रूट पहिल्या काही महिन्यांत, दीर्घकाळ ही मर्यादा १८० दिवसांची होती, परत गेला तर त्याच्या सेवेवर बरा-वाईट शेरा मारायचाच नाही, असे तेव्हा ठरले. इतक्या थोड्या काळात माणूस कळत नाही, हा त्यामागील विचार. विचार म्हणून तो आम्हाला न्याय्य वाटतो. अशा रिक्रुटास 'सन्मान्य' दर्जा द्यायचा, तर त्याचे वर्तन वा कामगिरी असाधारण असली पाहिजे आणि खात्याच्या सचिवाने प्रत्येक प्रकरणी वेगळी मंजुरी दिली पाहिजे. म्हणूनच मंडळाच्या निर्णयांत एकच उत्तर पुन:पुन्हा भेटते : तुमचा दाखला वाईट नाही, सबब वाढविण्याजोगे त्यात काही नाही.

हे वाचताना आम्हास आमचाच एक दाखला आठवला.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही वर्गशिक्षक होतो. एक मुलगा दिवाळीनंतर आमच्या वर्गात आला आणि चार महिन्यांत वडिलांच्या बदलीमुळे गेला. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. 'वर्तणूक' या रकान्याशी आमची लेखणी थांबली. मुलगा अबोल, त्याच्याविषयी काय लिहावे? खोटे लिहायचे नाही, या अभिमानाने आम्ही तेथे आडवी रेघ ओढली. सहा-सात वर्षांनी तोच मुलगा दारात उभा. रखवालदाराच्या नोकरीसाठी दाखला दाखवला, तर साहेबाने रेघेवर बोट ठेवून विचारले, "ही काय भानगड?" दाखल्यात परस्पर फेरफार करता येत नाही, हा नियम आम्ही त्याला समजावून सांगितला. जाताना तो म्हणाला, "सर, मी वाईट नव्हतो ना?" आम्ही 'नाही रे' म्हणालो. पण तोंडी म्हणालो. वरिष्ठांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठविता आला असता. आम्ही पाठविला नाही. वार्षिक परीक्षांची गडबड होती, असे आज कारण आठवते.

असो.

अमेरिकन मंडळ दोनच कसोट्या लावते. पहिली औचित्याची : नियम पाळले गेले का, वस्तुस्थितीत चूक झाली का, आणि त्या चुकीने सैनिकाचे नुकसान झाले का? दुसरी न्याय्यतेची : इतरांच्या तुलनेत, नंतर बदललेल्या धोरणाच्या उजेडात, या माणसावर अन्याय दिसतो का? आणि प्रारंभी गृहीत असे धरले जाते की सरकारी काम रीतीप्रमाणेच झाले; तसे झाले नाही हे दाखविण्याचे ओझे अर्जदारावर. मनाच्या आजारपणाचा वा आघाताचा पुरावा असेल तर उदारपणे विचार करावा, असे आदेश २०१४ आणि २०१७ साली निघाले आहेत. पण त्यालाही कागद लागतोच.

या कसोट्या हाती धरून आम्ही नातवाचा अर्ज पुन्हा वाचला, आणि मास्तरकीची लाल शाई हाती घ्यावीशी वाटली. चार पानांत एकही तारीख नव्हती.

तारखा होत्या त्या मागच्या कागदांत. अमेरिकन भूदलाच्या नियमावलीप्रमाणे, अशा कारणासाठी रिक्रुटास काढण्यापूर्वी त्याला त्याच्या उणिवा लेखी समजावून सांगायच्या असतात आणि सुधारण्यास अवधी द्यायचा असतो; प्रशिक्षणार्थीस निदान एकदा दुसऱ्या तुकडीत घालून पाहावे, असाही नियमाचा रोख आहे. ती अट माफ करण्याचा अधिकार वरिष्ठांस आहे, पण मग तसा कागद हवा. येथे समज दिल्याचा एकच कागद होता, आणि काढण्याची नोटीस होती दुसऱ्याच दिवसाची. तुकडी बदलल्याची नोंद नव्हती, अट माफ केल्याचीही नव्हती.

दुसरी गोष्ट, मागणीच चुकली होती. पोराला 'सन्मान्य' हा शब्द हवा होता. मंडळाच्या हातून तो मिळणे जवळजवळ अशक्य. सरकारी लाभांसाठी म्हणावे, तर ते बहुतेक सारे किमान चोवीस महिन्यांच्या सेवेला किंवा सेवेत आलेल्या अपंगत्वाला बांधलेले; नव्याण्णव दिवसांना शब्द बदलून काय मिळणार? मात्र मंडळाला कारणाचा रकाना बदलता येतो. 'कामगिरी आणि वर्तणूक' काढून तेथे 'सेक्रेटेरियल ऑथॉरिटी', म्हणजे केवळ 'सचिवाच्या अधिकारान्वये', असे लिहिता येते. त्यात माणसाविषयी बरे-वाईट काहीच बोललेले नसते. शिवाय दाखल्याची एक संक्षिप्त प्रतही मिळते, तिच्यात हे रकानेच नसतात. साध्या नोकरीला ती दाखविता येते. आणि फौजेत पुन्हा जायचे मनात असेल, तर त्याच्या दाखल्यावरील पुनर्भरतीचा क्रमांक तीन आहे. चार असता तर दार बंद होते. तिनाचा अर्थ, सूट मागून आत येता येईल. ती भरती अधिकाऱ्यामार्फत मागायची, मंडळाकडे नव्हे.

एका रविवारी सुभेदारसाहेबांच्या घरी बसून आम्ही फोन लावला. या खेपेस नातू फोनवर आला. आम्ही स्पष्ट सांगितले, "बाळ, अर्जातून आजोबांना काढ. पलटण काढ. आम्हा सर्वांना काढ. आजीच्या निधनाची तारीख ठेव, डॉक्टरकडे गेला असशील तर तो कागद ठेव, समज कोणत्या दिवशी मिळाली आणि नोटीस कोणत्या दिवशी, एवढे लिही. एका पानात बसव. आणि तिथे माजी सैनिकांच्या संस्था फुकट मदत करतात, त्यांच्यातल्या जाणत्याला दाखवून मगच पाठव."

पलीकडे शांतता. मग त्याच्या तोडक्या मराठीत प्रश्न आला, "आज्जोबा रागावले का?"

फोन सुभेदारसाहेबांच्या हाती दिला आणि आम्ही उठून अंगणात गेलो. आत बोलणे बरेच चालले. शेवटी एवढे ऐकू आले, "अरे, आमच्यातले सुद्धा कसम परेडच्या आधी घरी जायचे. मी त्यांना बसमध्ये बसवून द्यायचो. नावं ठेवली नाहीत कधी कुणाला."

नवा अर्ज एका पानाचा झाला. तो दिवाळीपूर्वी गेला. निर्णय यायला पुष्कळ महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक; हा मजकूर लिहीपर्यंत आलेला नाही. नातवाने दरम्यान एका तांत्रिक शाळेत नाव घातले आहे.

अर्ज गेल्यावर सुभेदारसाहेब पुन्हा शाळेत आले. आपल्याकडील १९५० च्या लष्कर कायद्याच्या तेविसाव्या कलमात एक गोड गोष्ट आहे : सेवेतून मुक्त होणाऱ्या जवानास दिला जाणारा दाखला इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेतही असला पाहिजे. सुभेदारसाहेबांना कलम ठाऊक नव्हते; गोष्ट ठाऊक होती. म्हणाले, "मास्तर, त्या अमेरिकेच्या कागदाचं आपल्या भाषेत लिहून द्या. ट्रंकेत ठेवतो."

आम्ही शाळेचा कोरा फुलस्केप घेतला. नाव लिहिले, भरतीची तारीख, सुटकेची तारीख, एकूण सेवा नव्याण्णव दिवस. दर्जाच्या रकान्याशी आलो आणि त्यांच्याकडे पाहिले.

"आहे तेच लिहा," ते म्हणाले. "शेरा नाही, असं."

तसे लिहिले. त्यांनी शाई वाळू दिली, कागदाची घडी घातली आणि पिशवीत, स्वतःच्या डिस्चार्ज बुकाच्या आत ठेवली. ते गेल्यावर आम्ही शिपायाला हाक मारली आणि वीस वर्षांपूर्वीचे दाखल्यांचे रजिस्टर कपाटातून काढून आणावयास सांगितले.