मेंदू आणि मज्जारज्जू : देहाची मुख्य पेढी

व्यापाऱ्यास आपल्या वखारीतील पोत्यापोत्याचा हिशेब ठाऊक असतो. परंतु ज्या मेंदूच्या बळावर तो हा हिशेब ठेवतो, त्याविषयी त्यास फारच थोडी माहिती असते. आम्ही वैद्य नव्हे, धान्याचे घाऊक व्यापारी आहोत, आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि वाचून व जाणत्यांना विचारून जे समजले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. या विषयाचा आपल्या धंद्याशी किती निकटचा संबंध आहे, हे पुढे दिसून येईलच.

मेंदूची रचना

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाचा अवघा पन्नासावा हिस्सा. खर्च मात्र मोठा! शरीरास मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच घेतो. आणि या पेढीत शिल्लक माल मुळीच नसतो. रोजची आवक रोज खपते. रक्ताचा पुरवठा तुटला की काही मिनिटांतच तेथील पेशी मरू लागतात.

मेंदूचे ठळक भाग तीन. मोठा मेंदू हा विचार, स्मरण, भाषा आणि इच्छेनुसार होणारी हालचाल यांचे स्थान होय. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे जीवांचे वर्ग आपण पाठशाळेत लहानपणीच शिकतो. त्या पाचही इंद्रियांची वार्ता मनुष्यदेहात अखेर मेंदूतच जमा होते. डोक्याच्या मागील बाजूस लहान मेंदू असतो. हालचालीतील तोल व मेळ त्याच्याकडे. पोते पाठीवर घेऊन हमाल अरुंद फळीवरून मालगाडीत चढतो, तेव्हा त्याला सावरणारा तो हाच. तिसरा भाग मेंदूच्या देठाचा. देठाच्या खालच्या टोकास लंबमज्जा म्हणतात. श्वास व हृदयाची गती यांचे नियमन तेथून चालते. हालचालीचे बहुतेक मज्जातंतू येथेच बाजू बदलतात. म्हणूनच डाव्या मेंदूस इजा झाली की उजवा हात व पाय लुळा पडतो.

मज्जारज्जू

लंबमज्जेच्या खाली, मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू उतरतो. त्याची जाडी करंगळीएवढी व लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. तो कमरेच्या वरच्या मणक्यांशीच संपतो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून हातापायांपर्यंत पसरतात. मुख्य पेढीचा हुकूम शाखांकडे आणि शाखांची खबर पेढीकडे, अशी दुहेरी वाहतूक या एकाच वाटेने चालते. काही निर्णय मात्र शाखाच परस्पर घेते. तापल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तो हुकूम मज्जारज्जूचाच. चटका बसल्याचे मेंदूस मागाहून कळते.

त्वचेची जखम भरते, हाड जुळते. परंतु मज्जारज्जूतील तुटलेले तंतू पुन्हा पूर्ववत जुळत नाहीत. तेव्हा येथे उपचारापेक्षा सावधगिरी मोलाची. आपल्या हाती असलेल्या तीन गोष्टी आता सांगतो.

डाळीतील भेसळ

पहिली गोष्ट थेट आपल्या तराजूतील आहे. लाख अथवा लाखोळी ही डाळ विदर्भात व मध्य प्रदेशात पिकते. हे पीक अवर्षणातही तग धरते. म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तेवढेच उरते. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सागर भागाची हकीकत दिली आहे. १८२९ पासून तीन वर्षे तेथे गहू बुडाला, लोक या धान्यावर जगले, आणि १८३३ पासून तरुण माणसांचे पाय निकामी होऊ लागले. यातील विषारी द्रव्य १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वेगळे करून दाखविले. मेंदूकडून कमरेपर्यंत येणाऱ्या लांब तंतूंचा या रोगात नाश होतो. बुद्धी शाबूत, हात बहुधा शाबूत. पाय मात्र ताठरून कायमचे अधू होतात.

एखाद्या वेळी खाल्ल्याने असे होत नाही; कित्येक आठवडे वा महिने तेच मुख्य अन्न झाले म्हणजे होते. तरीही १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, व २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती राहिली. विषाचा अंश कमी असलेली वाणे पुढे निघाली, हे खरे. परंतु लाखेची डाळ तुरीत वा हरभऱ्यात मिसळली तर गिऱ्हाइकास ओळखू येत नाही; व्यापाऱ्यास येते. लाखेचा अख्खा दाणा पाचरीसारखा, एका बाजूस निमुळता व करडा असतो. नमुना पाहताना दोन मिनिटे अधिक द्यावीत. किलोमागे सुटणारे चार पैसे कोणाच्या तरी पायांतून वसूल होतात, हे विसरू नये.

हमालाची पाठ

दुसरी गोष्ट पोत्याची. शंभर किलोची पोती वाहून कित्येकांच्या माना व कंबरा गेल्या. आता पन्नास किलोचे पोते रूढ झाले आहे. एकावर एक दोन लादून त्याचा लाभ घालवू नये. थप्पीवरून कोणी पडला, तर त्यास ओढून बसवू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये. मान व पाठ सरळ ठेवून, चौघांनी एकदम उचलून फळीवर घ्यावे व तसेच रुग्णालयात न्यावे. अपघातातून वाचलेला मज्जारज्जू अशा घाईच्या मदतीने दुखावतो.

घड्याळाची किंमत

तिसरी गोष्ट पक्षाघाताची. गादीवरील बैठे काम, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू ही त्याची प्रमुख कारणे होत. निपाणीची पेठ तंबाखूवर उभी राहिली. तरी हे लिहिणे आम्हांस भाग आहे. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे, यांपैकी एक जरी चिन्ह अचानक दिसले, तरी मालिश व गावठी औषध यांत वेळ दवडू नये. गुठळीने वाहिनी बंद झाली असेल तर ती विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यापूर्वी मेंदूचे स्कॅनिंग हवे. कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्री-अपरात्री ही सोय कोठे आहे, हे आधीच विचारून दुकानात व घरात लिहून ठेवावे.

व्यापारात बुडालेली रक्कम पुढील हंगामात भरून निघते. मेंदू व मज्जारज्जू यांच्या खात्यावर एकदा लिहिलेली तूट बहुधा कायमची राहते. यास्तव सर्व सभासदांनी आपले कुटुंब, आपले हमाल व आपले गिऱ्हाईक या तिघांच्याही बाबतीत ही काळजी घ्यावी, अशी नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.