निकामी डिस्क आणि पुनर्रचनेतील धोका

१९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी मांडलेल्या ‘रेड’ पद्धतीच्या पाचव्या प्रकारात एक हार्ड डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्यांवरून तिच्यातील माहिती गणिताने सिद्ध करता येते. घरगुती नेटवर्क स्टोरेजमध्ये मात्र तांबडा दिवा लागताच नवी डिस्क बसविण्याची जी घाई होते, ती अनाठायी होय. पुनर्रचनेसाठी उरलेली प्रत्येक डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचावी लागते; वर्षानुवर्षे न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हाच आडवा येतो, आणि प्रसंगी साऱ्या संचाची माहिती गमवावी लागते. म्हणून आधी प्रत अन्यत्र घ्यावी. मग संशयित डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी पाहाव्यात. बदललेले व प्रलंबित सेक्टर शून्य असून केवळ सीआरसी चुका वाढत असतील, तर दोष बहुधा केबलचा किंवा खाचेचा असतो.