इन्सुलिनची गोळी अडली कुठे?

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सुया बारीक झाल्या, काचेच्या सिरिंजची जागा पेनने घेतली, पंप आले. टोचणे मात्र सुटले नाही. आता नॅनोकणांच्या आधारे इन्सुलिन तोंडावाटे देण्याचे प्रयोग जोरात आहेत. ‘आयसीएमआर-इंडियाब’च्या २०२३च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आहे. त्यामुळे या प्रयोगांबद्दल आपल्याकडे उत्सुकता असणारच.

पोटातले अडथळे

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन. पोटाच्या लेखी ते आणि वाटीभर वरण सारखेच. जठरातले आम्ल आणि पेप्सिन त्याचे तुकडे पाडतात. त्यातून वाचलेच, तर लहान आतड्यात ट्रिप्सिन त्याचा समाचार घेते. पुढे आतड्याच्या अस्तरावर चिकट थर आणि त्याखाली एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशी. नुसते गिळलेले इन्सुलिन रक्तात पोहोचते ते जेमतेम एखादा टक्का.

नॅनोकणांचे पहिले काम या प्रवासात इन्सुलिन सांभाळण्याचे. हे कण बहुधा १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. कणाचे कवच कधी मेदाचे, कधी आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात तशा पॉलिमरचे, तर कधी कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानचे असते. कायटोसानवर धन विद्युतभार असल्याने ते आतड्याच्या ऋणभारित थराला चिकटते आणि पेशींमधले सांधे थोडा वेळ सैल करते.

तोंडावाटेच्या या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि त्यातले जवळपास निम्मे तिथेच खर्ची पडते. कातडीखाली टोचलेले इन्सुलिन हा क्रम मोडते. आतड्यातून शोषले गेलेले इन्सुलिन मात्र पुन्हा यकृताच्याच वाटेने जाते.

खरी अडचण मात्रेची

इन्सुलिन पोटात टिकले म्हणजे काम झाले, असे नाही. रोज तेवढेच पोहोचेल याची खात्री लागते. मधुमेहावरच्याच सेमाग्लुटाइड या दुसऱ्या औषधाचे उदाहरण घ्या. त्याची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. तिच्यात नॅनोकण नाहीत. शोषण वाढवणारे एक रसायन आहे. तरीही औषधाचा सुमारे एकच टक्का रक्तात उतरतो. म्हणून इंजेक्शनने आठवड्याला १ मिलिग्रॅम पुरते, तिथे गोळीने रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत द्यावे लागते, तेही उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर. पण हे औषध शरीरात आठवडाभर रेंगाळते. आज थोडे कमी, उद्या थोडे जास्त शोषले गेले तरी सरासरी जमते.

इन्सुलिनला ही मुभा नाही. ते कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले तर एकदम खाली येते, घाम फुटतो, शुद्ध हरपू शकते. नोवो नॉर्डिस्क कंपनीच्या इन्सुलिनच्या गोळीने, तीही नॅनोकणांविनाच, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत इंजेक्शनइतकी साखर उतरवून दाखवली होती. पण त्यासाठी इन्सुलिन इतके लागत होते की उत्पादन परवडेना आणि काम थांबले. ओरामेड कंपनीची इन्सुलिनची गोळी जानेवारी २०२३ मध्ये चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरली.

म्हणूनच सिडनी विद्यापीठ आणि नॉर्वेतील आर्क्टिक विद्यापीठाच्या संशोधकांचे २०२४च्या सुरुवातीला ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त आलेले काम वेगळे वाटते. त्यांनी सिल्व्हर सल्फाइडच्या अतिसूक्ष्म कणांना इन्सुलिन जोडले आणि वर कायटोसान व ग्लुकोजचे आवरण चढवले. रक्तातली साखर वाढली की विकरे हे आवरण तोडतात आणि इन्सुलिन सुटते. साखर कमी असेल तेव्हा ते सुटण्याचा वेग मंदावतो. म्हणजे मात्रेवरचा ताबा काही अंशी कणाकडेच जातो. उंदीर आणि बबून माकडांवर हे प्रयोग झाले. माकडांना औषध बिनसाखरेच्या चॉकलेटमधून दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झिंक ऑक्साइडचे नॅनोकण उंदरांना तोंडावाटे देऊन मधुमेहावरचा त्यांचा परिणाम तपासला गेला आहे.

मात्र उंदीर-माकडांत जमलेली मात्रा माणसाच्या जेवणखाणात, जुलाबात, उपवासात टिकते का, हे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांतूनच ठरते. सिल्व्हर सल्फाइडचे कण वर्षानुवर्षे पोटात गेल्यास काय होते, तेही तपासावे लागेल.

तोवर ‘नॅनो’ हा शब्द छापलेली पुडी किंवा गोळी पाहून पेन बाजूला ठेवू नका. टाइप १च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले, तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. उपचारातला कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करा.