पिशवीत कुणी किती टाकलं?

दिवाळी पहाटेला तलावपाळीवर तुम्ही कधी ना कधी उभे राहिलाच असाल. नवा कुर्ता, कॉलेजचा अख्खा ग्रुप आणि सेल्फी काढायलाही जागा नाही इतकी गर्दी. त्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. आत कधी गेलायत? ठाण्यात दहा जणांना विचारा, बहुतेक जण सांगतील, ‘हो, नाताळला. गव्हाणी बघायला.’ कल्याणचं लूर्ड्स चर्च किंवा डोंबिवलीचं इन्फंट जीझस चर्च यांचंही तेच. क्लासला जाता-येता पाटी वाचलेली असते, पण आत काय चालतं ते माहीत नसतं. तेव्हा आज नाताळ नसताना आत जाऊ या.

रविवार सकाळ

रविवारी सकाळी मिस्सा असते. प्रार्थना, बायबलमधली वाचनं, फादरांचं प्रवचन, मग ख्रिस्तप्रसाद. मध्येच बाकांवरून एक पिशवी फिरते आणि ज्याला जमेल ते तो त्यात टाकतो. शेवटी सूचना वाचल्या जातात. त्यात रक्तदान शिबिर असतं, कुणाचं तरी आजारपण असतं, कुणाचं ठरलेलं लग्नही असतं. मिस्सा संपली तरी लोक लगेच घरी जात नाहीत. कंपाउंडमध्ये अर्धा-पाऊण तास गप्पा रंगतात आणि कोण दोन आठवडे दिसलं नाही याची नोंद तिथेच होते.

या सगळ्या गोतावळ्याला पॅरिश म्हणतात. वसईकडच्या मराठीत त्याला ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द आहे. पॅरिश मोठी असली की सगळे एकमेकांना ओळखणार कसे? म्हणून मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून छोटे समुदाय केले गेले. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक समुदाय. कधी या घरी, कधी त्या घरी जमायचं, बायबलमधला उतारा वाचायचा, प्रार्थना करायची आणि ‘आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाला काही हवंय का?’ हे विचारायचं. आपल्याकडच्या भजनी मंडळात आणि भिशीतही अशाच चौकशा होतात, त्यामुळे हे चित्र तुम्हाला परकं वाटायला नको.

‘ही मंडळी बाहेरची’ असं कुणी म्हणालं, तर इतिहास आठवा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्याणमधल्या ख्रिस्ती बिशपांची नोंद केली आहे. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्याची हकिगत युरोपपर्यंत पोहोचली. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली, तरी इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती इथेच राहिले. त्यांची घरातली बोलीही मराठीचीच. मग रेल्वे आली, कारखाने आले, एमआयडीसी आली आणि गोवा, केरळ, तमिळनाडूतून माणसं कल्याण-डोंबिवलीत राहायला आली. केरळी सिरो-मलबार कॅथलिकांसाठी तर १९८८ मध्ये कल्याणच्या नावाने स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. आपल्या लोकलच्या डब्यात जितक्या भाषा ऐकू येतात, जवळपास तितक्याच इथल्या चर्चमध्येही ऐकू येतात.

विशीतल्या पोराला विचारलेला प्रश्न

आता जरा लांब जाऊ, पॅरिसला. कारण आपल्याकडच्या अनेक चर्चमध्ये आज जे काम चालतं, त्याची सुरुवात तिथे एका कॉलेजच्या पोराने केली.

फ्रेडरिक ओझानाम त्याचं नाव. पॅरिसमध्ये कायद्याचा अभ्यास करत होता. १८३२ मध्ये शहरात कॉलऱ्याची साथ आली आणि गरीब वस्त्यांत माणसं पटापट गेली. हा आणि त्याचे मित्र मात्र एका वादविवाद मंडळात इतिहास आणि धर्मावर तावातावाने बोलत होते. एकदा विरोधी बाजूने त्याला थेट विचारलं, तुमच्या धर्माने पूर्वी बरंच काही केलं असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करताय?

ओझानामकडे उत्तर नव्हतं. कॉमेंट बॉक्समध्ये भांडून झाल्यावर आपल्याकडेही नसतं, तसंच. पण त्याला तो प्रश्न लागला. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे नेमका त्याच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी एकत्र बसले. एक वयाने मोठा संपादक त्यांच्या सोबतीला होता. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझली रेंदू यांनी त्यांना कुटुंबं दाखवली, घरी कसं जायचं, कसं बोलायचं हे शिकवलं. त्यातून सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट डी पॉल उभी राहिली. आज ती जगभर पसरली आहे. ओझानाम चाळिसाव्या वर्षी गेला. १९९७ मध्ये पॅरिसमध्येच, जगभरातले तरुण जमले असताना, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला ‘धन्यवादित’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी.

हात सगळ्यांचाच आत जातो

या सोसायटीची पॅरिशमधली शाखा ‘कॉन्फरन्स’ म्हणून ओळखली जाते. नाव भारदस्त असलं तरी प्रत्यक्षात एक खोली, एक टेबल, काही खुर्च्या आणि एक वही. मीटिंगची सुरुवात प्रार्थनेने होते, मग एखादं छोटं वाचन. त्यानंतर कोण कुठल्या घरी जाऊन आलं याचा हिशेब. कुठे रेशन भरायचंय, कुठे औषधं, कुठे पोरीची शाळेची फी. कुठे यातलं काहीच नको असतं, आजोबांना फक्त अर्धा तास बोलायला माणूस हवा असतो. काही नियम पक्के. शक्यतो दोघांनी मिळून जायचं. ज्यांच्या घरी गेलो, त्यांचं नाव मीटिंगबाहेर न्यायचं नाही. फोटो तर नाहीच.

शेवटी एक पिशवी फिरते. चर्चमधली नव्हे, ही फक्त टेबलाभोवतीच्या सभासदांची. तिला म्हणतात ‘सिक्रेट बॅग’. प्रत्येकाने मूठ बंद करून आत हात घालायचा आणि बाहेर काढायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच नाही, ते कळत नाही. महिनाअखेरीस खिसा रिकामा असेल तरी हात आत जातो. या हाताचं त्या हाताला कळू नये, ही आपली म्हण इथे शब्दशः पाळली जाते.

जरा विचार करा. आपण ब्लँकेट वाटतो आणि घरी पोहोचायच्या आत त्याची स्टोरी पडलेली असते. घेणाऱ्याचा चेहरा ब्लर करायचंही अनेकदा सुचत नाही. ज्याने हात पुढे केला, त्याच्या पोरांनी तो फोटो पाहिला तर? या पिशवीत देणाऱ्याचीही लाज राखली जाते आणि घेणाऱ्याचीही.

दारात उभं राहिल्यावर

हे सगळं गोड गोड आहे असं समजू नका. कुणाच्या दारात मदत घेऊन उभं राहणं अवघड असतं. समोरचा माणूस ‘आम्हाला नको’ म्हणतो, तेव्हा खरंच नको असतं की संकोच असतो, हे ओळखावं लागतं. एका महिन्याच्या रेशनने नोकरी परत येत नाही, दारू सुटत नाही, थकलेलं भाडं भरलं जात नाही. आणि सारखं देत राहिलं की आपणच कुणीतरी मोठे, असं वाटायला लागतं, तो धोका वेगळाच.

आणखी एक प्रश्न तुमच्या ओठांवर असेल, तो विचारूनच टाकू. ‘हे धर्मांतरासाठी असतं का?’ शंका मनात ठेवण्यापेक्षा विचारलेली बरी. सोसायटीचा नियम स्पष्ट आहे. मदत करताना समोरच्याचा धर्म, जात, मत पाहायचं नाही. काम करणारे प्रार्थना करतात ती स्वतःसाठी, की आपण गर्वाने कुणाच्या घरात शिरू नये. या नियमाला किती जागलं जातं, हे मात्र प्रत्येक दारात, प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं.

टेबलाभोवतीचे केस

खरी गंमत, आणि खरी काळजीही, पुढे आहे. विशीतल्या पोरांनी सुरू केलेल्या या कामाच्या टेबलाभोवती आज अनेक ठिकाणी पांढरे केसच जास्त दिसतात. तरुण येत नाहीत असं नाही. ते क्वायरमध्ये गातात, फेस्टला स्टॉल लावतात, नाताळला गव्हाणी बांधतात. पण दर आठवड्याला तीच जिना नसलेली चाळ, तेच आजोबा, तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकणं, हे कुणाला जमणार? सकाळची फास्ट पकडून ऑफिस, रात्री साडेनऊला डोंबिवली, त्यात शनिवार-रविवार. कारण खोटं नाही. पण पॅरिसच्या त्या पोरालाही परीक्षा होत्याच की.

येत्या २७ सप्टेंबरला संत व्हिन्सेंट डी पॉल यांचा सण आहे. १६६० साली याच दिवशी ते गेले. तुम्ही ख्रिस्ती असाल तर त्या आठवड्यात मिस्सेनंतर थांबा आणि कॉन्फरन्सची मीटिंग कुठल्या खोलीत असते ते विचारा. ख्रिस्ती नसाल, तर तुमच्या मजल्यावर एखादं दार असेलच, ज्याच्या बाहेर दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच लटकलेली असते. बेल वाजवा. फोन खिशात राहू द्या.

‘आज तुम्ही काय करताय?’ हा प्रश्न १८३३ मध्ये एका विद्यार्थ्याने मनाला लावून घेतला. आता तो तुमच्या-माझ्या टेबलावर आहे. पिशवी फिरत फिरत आपल्यापर्यंत आलीये. आत हात तरी घालू या.