इस्तंबूलमधले दीड तास

आमच्या घरात अब्बांचे एकूण तीन फोटो आहेत. एक पासपोर्टचा, एक हजच्या अर्जासाठी काढलेला आणि एक थोरल्या लेकीच्या अकीक्याच्या वेळचा, ज्यात ते अर्धे दाराआड उभे आहेत. २०२१च्या मे महिन्यात अब्बा गेले तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता. आता तो कधीतरी विचारतो, दादाजान हसताना कसे दिसायचे? आमच्याकडे त्याला दाखवायला काही नाही. तिन्ही फोटोंत अब्बा हसलेले नाहीत.

म्हणून २०२४च्या ऑक्टोबरात उमऱ्याहून परतताना चार दिवस इस्तंबूलला थांबायचे ठरले, तेव्हा आम्ही दोघांनी मनाशी पक्के केले की तिथे सर्वांचे फोटो नीट काढून घ्यायचे, तेही एखाद्या जाणत्या माणसाकडून. मोबाइल सर्वांच्याच हातात असतात, हे खरे. पण मोबाइलच्या फोटोत काढणारा कायम चौकटीबाहेर राहतो. आमच्या घरी गेली वीस वर्षे तो मान आमच्यापैकीच कुणातरी एकाला मिळत आला आहे. पाचही जण एकत्र आहेत असा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

अम्मींचा विरोध होता. "हरमैनहून येऊन लगेच फोटोबिटो? आणि माझा कशाला, म्हातारीचा?" छायाचित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि अम्मी जुन्या वळणाच्या. आम्ही वाद घातला नाही. तुम्हाला वाटले तर या, नाही वाटले तर बाकावर बसून चहा घ्या, एवढेच म्हणालो.

इस्तंबूलच का, असे अनेकांनी विचारले. जेद्दाहून विमानाने चार तासांच्या आत पोहोचता येते, हे एक कारण. दुसरे जरा घरचे आहे. आम्ही मूळचे खुलताबादचे. तिथे डोंगराच्या कडेला एक मकबरा आहे, ज्यात कुणीच दफन नाही. तो बांधला गेला शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुलमजीद दुसरे यांच्यासाठी. १९२४ साली खिलाफत संपुष्टात आली आणि त्यांना देशाबाहेर जावे लागले. १९३१ साली त्यांची कन्या दुर्रुशेहवार हिचा निकाह फ्रान्समधील नीस येथे निजामाचे थोरले चिरंजीव आजम जाह यांच्याशी झाला. खलिफांचे १९४४ साली पॅरिसला निधन झाले आणि पुढे १९५४ साली त्यांचे दफन मदिनेत झाले. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला. लहानपणी आम्ही त्याच्या आसपास खेळलो आहोत. ज्या शहरातून ते निघाले ते शहर पाहायची इच्छा तेव्हापासूनची.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सर्वांना मिळत नाही. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा तिथला रहिवास परवाना असेल तरच तो मिळतो. आमच्याकडे यातले काही नव्हते. साध्या व्हिसासाठी कागद जमवण्यात बरेच आठवडे गेले, आणि तो हातात पडेपर्यंत आम्ही छायाचित्रकाराचा विचारही केला नाही. ते बरेच झाले, कारण आगाऊ दिलेले पैसे परत मिळतीलच असे नसते.

शोध सुरू केला तेव्हा कळले की त्या शहरात सुटीचे फोटो काढून देणे हा मोठा धंदा आहे. गालिच्यांच्या दुकानांच्या गच्च्या भाड्याने मिळतात. तिथे नाश्त्याचे भरलेले ताट मांडतात, सीगल पक्ष्यांना पावाचे तुकडे टाकून बोलावतात, आणि मागे मशिदींचे घुमट येतील असे उभे करतात. वाऱ्यावर उडणारे वीस हात लांब शेपटाचे झगेही भाड्याने असतात. थोरलीला लाल झगा फार आवडला होता. त्याचा गळा आणि बाह्या पाहून तिच्या आईचा चेहरा उतरला. दोन दिवस घरात अबोला होता. तोडगा शेवटी थोरलीनेच काढला: गच्ची नको, झगा नको, मी माझाच ईदचा ड्रेस घालीन, पण जागा मी निवडीन. आम्ही मान्य केले.

पहिला माणूस आम्हाला फार स्वस्त सापडला. दीडशे फोटो, तीन तास, निम्मा दर. फक्त सर्व पैसे आधी हवेत आणि तेही कुणा तिसऱ्याच्याच नावावर. थोरलीने त्याच्या पानावरचे दोन फोटो मोबाइलवर उलटे शोधून पाहिले. तेच फोटो दुसऱ्या दोन छायाचित्रकारांच्या पानांवर होते, त्यांच्या नावासह. ही युक्ती वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. फोटो शोधायला दोन मिनिटे लागतात. शिवाय कुणाच्याही कामाचे चार निवडक फोटो न बघता एकाच कुटुंबाच्या एकाच भेटीतले सर्व फोटो मागावेत. चार सुंदर फोटो कुणाकडेही निघतात, ओळीने चाळीस चांगले निघणे अवघड.

दुसऱ्याचे काम उत्तम होते. त्याला आम्ही लिहिले की फोटो कुठेही प्रसिद्ध करायचे नाहीत. त्याचे उत्तर आले की प्रसिद्धीची परवानगी देणाऱ्यांसाठीच हा दर आहे, नाहीतर दर दीडपट. त्याचा राग आला नाही. त्याने निदान स्पष्ट सांगितले. अनेकांच्या अटींमध्ये हे वाक्य तळाशी बारीक अक्षरात असते, आणि पैसे भरले की तुम्ही ते मान्य केले असे धरले जाते.

तिसरी एक तुर्की बाई होती. अम्मी आणि थोरली यांच्या दृष्टीने बाई असणे हीच मोठी सोय. दीड तास, पाच माणसे, दोन ठिकाणे, निवडून दुरुस्त केलेले चाळीस फोटो आणि एकूण १८० युरो. दर माणशी आहे की गटाचा, हे आम्ही दोनदा विचारून घेतले. एक तृतीयांश आगाऊ, उरलेले त्या दिवशी. पाऊस आला तर दिवस बदलून मिळेल, हेही ठरले. फोटो प्रसिद्ध न करण्याबद्दल ती म्हणाली, हो हो, काही काळजी नको. ते आम्ही लिहून घेतले नाही. त्याकडे पुढे येतोच.

आमची मूळ यादी तीन ठिकाणांची होती आणि तिने ती पाहताच एक खोडले. ते ठिकाण म्हणजे बालात. रंगीत घरांची जुनी वस्ती, फोटोंमुळे जगभर गाजलेली. चढ फार, अम्मींच्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे एक. दुसरे तिने सांगितले ते आम्हाला पटले: तिथे लोक राहतात. कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर बसून रोज पन्नास अनोळखी माणसे फोटो काढतात, आणि आत बाई भाजी चिरत असते.

वेळ सकाळची ठरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे फज्रची नमाज अदा करून, चहा पिऊन आरामात पोहोचता येते. आम्ही फज्र सुलतान अहमद मशिदीत पढलो. हिलाच लोक निळी मशीद म्हणतात. १६०९ ते १६१६ या काळात सुलतान अहमद पहिला याने ती बांधवून घेतली. सहा मिनार आणि आत इझनिक गावच्या वीस हजारांहून जास्त फरशा. दिवसा पर्यटकांच्या रांगा असतात, नमाजाच्या वेळी त्यांना प्रवेश बंद असतो. त्या पहाटे आत थोडेच लोक होते आणि एक मांजर मिंबरजवळ निवांत झोपले होते. फोटो आम्ही आत काढला नाही. हे आधीच ठरवले होते: मशिदीच्या आत नमाजी आहेत तोवर कॅमेरा बाहेर. छायाचित्रकार बाईनेही सांगितले की त्रिपाय, दिवे वगैरे मोठे सामान परवानगीशिवाय आत नेता येत नाही.

आयासोफ्याची गोष्ट आणखी वेगळी. सन ५३७ मध्ये पूर्ण झालेले चर्च, १४५३च्या विजयानंतर मशीद, १९३५पासून संग्रहालय आणि जुलै २०२०पासून पुन्हा मशीद. २०२४च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या गॅलरीत नेतात आणि त्याचे २५ युरो तिकीट आहे. नमाजासाठी येणाऱ्यांची वाट वेगळी आणि मोफत. आम्ही जुहर तिथे पढलो आणि फोटोंसाठी ते ठिकाण यादीत धरलेच नाही. तोपकापी राजवाड्यातही हेच. पवित्र अवशेषांच्या दालनात फोटोला मनाई आहे, तिथे कुरआनचे पठण अखंड चालू असते. काही जागा नुसत्या डोळ्यांनी बघायच्या असतात हे धाकट्याला तिथे न सांगताच कळले. त्याने आपला मोबाइल खिशात घातला आणि पुन्हा काढला नाही.

सव्वासातला दोन मशिदींमधल्या चौकात कोवळे ऊन आले. साडेआठनंतर तिथे सहलींच्या बस येतात, म्हणून हा तास मोलाचा. कॅमेऱ्यासमोर पहिली दहा मिनिटे आम्ही सगळेच लाकडी होतो. बाईने धाकट्याला सिमित आणायला पाठवले. सिमित म्हणजे तिळाचा गोल पाव, गाडीवर मिळतो. तो तोडून खाताना सर्वांचे हात मोकळे झाले आणि तिथून पुढे फोटो जमू लागले. अम्मी बाकावर बसल्या होत्या, पाठ फिरवून.

या शहराचे फोटोशी नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पेरा भागातल्या मोठ्या रस्त्यावर छायाचित्रकारांची दुकाने होती. अब्दुल्ला बंधू हे अर्मेनियन भाऊ सुलतानाचे दरबारी छायाचित्रकार होते. सुलतान अब्दुलहमीद दुसरा याने शाळा, दवाखाने, इमारती, जहाजे यांचे फोटो काढवून घेतले आणि त्यांचे ५१ अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट दिले. त्यांत अठराशेहून अधिक फोटो आहेत. दुनियेने आपल्याला कसे पाहावे हे आपणच ठरवावे, असा त्यामागे हेतू होता. एका सुलतानाला जे उमगले ते आमच्या थोरलीला पुढच्या महिन्यात उमगायचे होते.

दुसरे ठिकाण सुलेमानिया. वास्तुकार सिनान याने १५५७ साली पूर्ण केलेली मशीद. टेकडीवर आहे, म्हणून अम्मींसाठी टॅक्सी केली. मागच्या बाजूला अंगण आहे, तिथून खाली गोल्डन हॉर्नचे पाणी, पूल आणि पलीकडे गलाटाचा बुरूज दिसतो. गर्दी कमी होती, वारा होता. अम्मींना थंडी वाजू लागली तेव्हा त्यांनी पिशवीतून शाल काढली. आम्ही बघतच राहिलो. ती त्यांच्या निकाहातली हिमरू शाल होती, कडा विरलेली. उमऱ्याला आणि पुढे इथवर त्या ती घेऊन आल्या होत्या आणि आम्हाला पत्ताच नव्हता. कठड्याजवळ बसून त्या धाकट्याला सांगू लागल्या की दादाजानांनी ही शाल आणली तेव्हा पैसे कमी पडले आणि दुकानदाराकडे घड्याळ ठेवून आले होते. सांगताना त्यांना हसू आवरेना. शालीचे टोक तोंडावर धरून हसत होत्या. बाईने लांबून आमच्याकडे पाहून खुणेने विचारले. आम्ही अम्मींना हाक मारून विचारले. त्या म्हणाल्या, "काढ म्हणावं, एकच."

फोटो बारा दिवसांनी आले, बेचाळीस. चार-पाच सोडले तर सगळे ठेवण्यासारखे.

आणि एका महिन्याने थोरलीला मैत्रिणीचा संदेश आला, तू तर मॉडेल झालीस! बाईच्या पानावर थोरलीचा चौकातला फोटो होता, चार हजारांवर लोकांनी पसंत केलेला. खाली अनोळखी पुरुषांच्या टिप्पण्या होत्या. त्या इथे लिहीत नाही. लेक त्या रात्री जेवली नाही. आम्ही बाईला लिहिले. दुसऱ्या दिवशी फोटो काढला, माफी मागितली. सहायकाने चुकून टाकला, असे म्हणाली. तोवर प्रवासाच्या आणखी एका पानाने तो उचलला होता. तिथून उतरवायला अकरा दिवस आणि सात पत्रे लागली. चूक तिची होतीच. पण "काळजी नको" या दोन शब्दांवर आम्ही विसंबलो, तेही खरे.

आता कुणी विचारले तर आम्ही हे आगाऊ पैसे देण्याआधी लिहून घ्यायला सांगतो: फोटो छायाचित्रकाराच्या पानावर, संकेतस्थळावर, जाहिरातीत किंवा तिसऱ्या कुणाला दिले जाणार नाहीत, आणि मूळ प्रती किती दिवसांनी पुसल्या जातील त्याची तारीख. साधा ई-मेल पुरतो. तोंडी नको. थोरली म्हणते, त्यात ज्या-ज्या सज्ञान माणसाचा फोटो आहे त्याचे नाव हवे, आईबापांनी परस्पर हो म्हणायचे नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. आम्ही तिला विचारल्याशिवायच सगळे ठरवले होते.

अम्मींचा फोटो आम्ही मोठ्या आकारात छापून आणला. भिंतीवर लावायचा नाही, ही त्यांची अट. तो त्यांच्या कपाटात, अब्बांचे तीन फोटो ज्या लिफाफ्यात आहेत त्याच्यामागे उभा ठेवलेला असतो. धाकटा कधीकधी मागून घेतो, बघतो आणि घड्याळाची गोष्ट पुन्हा सांगायला लावतो. ते घड्याळ अब्बांनी तीन महिन्यांनी सोडवून आणले होते. ते अजून चालते.